दर ठरला होता, मोजणी ठरली नव्हती: तोंडी बोलीवर काम घेणाऱ्या नव्या सब-कॉन्ट्रॅक्टरसाठी

'वर्क ऑर्डर हातात आल्याशिवाय काम सुरू करू नका' हा सल्ला मी देणार नाही. तो सगळेच देतात, आणि तो तंतोतंत पाळणारा नवा माणूस घरी बसतो. पहिली कामं तोंडीच मिळतात. स्लॅबखाली उभ्या उभ्या दर ठरतो, 'सोमवारी माणसं आणा' असं सांगतात, आणि सोमवारी तुमची माणसं दिसली नाहीत तर मंगळवारी दुसऱ्याची लागतात. मी प्लास्टरची कामं करतो, लेबर रेटवर, म्हणजे माल कॉन्ट्रॅक्टरचा आणि मजुरी आपली, आणि आजही माझी बरीच कामं अशीच सुरू होतात. त्यामुळे इथे लिहितोय ते तोंडी घेतलेलं काम पैसे निघेपर्यंत हळूहळू कागदावर कसं आणायचं, एवढंच.

आधी थोडा धीर. तोंडी करार हा कायद्याने करारच असतो. भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये प्रत्येक करार लेखीच हवा अशी सरसकट अट नाही. त्याच कायद्याचं कलम ७० तर आपल्यासारख्यांसाठीच लिहिल्यासारखं आहे: फुकट करायचा इरादा नसताना तुम्ही कायदेशीर काम केलंत आणि समोरच्याने त्याचा फायदा घेतला, तर त्याला मोबदला द्यावा लागतो. तेव्हा 'कागद कुठंय तुमच्याकडे?' असं कुणी दरडावून विचारलं की तिथेच गार पडू नका.

आता कडू भाग. कागद नसला की जवळचे दोन रस्ते बंद होतात. लवादाकडे जायचं तर लवादाचा करार लेखीच लागतो, १९९६ चा कायदा तसं स्पष्ट म्हणतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३७ खालचा झटपट दावाही लेखी करारावर, चेकवर, हुंडीवर चालतो. 'साहेब तोंडाने म्हणाले होते' यावर नाही. उरतो तो नेहमीचा दावा, म्हणजे साक्षीदार, उलटतपासणी आणि तारखा. कायद्याने आपलं बरोबर आहे या समाधानावर शनिवारचा पगार वाटता येत नाही.

माझे पैसे अडकले त्या कामात दरावर वादच नव्हता. हे नीट वाचा, कारण नव्या मुलांचं सगळं लक्ष दरावर असतं. चौरस फुटाला तीस रुपये की बत्तीस यावर अर्धा तास घासाघीस करतात आणि ठरल्यावर खूश होऊन निघतात. कॉन्ट्रॅक्टरनेही दर कधी नाकारला नाही. 'दर कबूल आहे ना? मग एरिया आमच्या शीटप्रमाणे,' एवढंच तो म्हणायचा. आणि एरिया कसा काढायचा हे बोलायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, मोजमापाचं मानक आहे, आयएस १२००. त्याचा भाग १२ प्लास्टर आणि पॉइंटिंगचा. त्यात उघाड्यांचा, म्हणजे दारं-खिडक्या-झरोक्यांचा हिशोब दिलाय. उघाडा ०.५ चौरस मीटरपर्यंत असेल तर वजावट नाही आणि त्याच्या कडांचे पैसेही वेगळे नाहीत. ०.५ च्या वर ते ३ चौरस मीटरपर्यंत, दोन्ही बाजूंना सारखंच प्लास्टर असेल तर वजावट एकाच बाजूची. कडांचं काम त्यातच भागतं. ३ च्या वर गेला की दोन्ही बाजू वजा, पण कडा, माथा, सिल वेगळे मोजून मिळतात. यामागे साधा न्याय आहे: दाराच्या कडा घासून ओळंब्यात आणायला सपाट भिंतीपेक्षा जास्त वेळ जातो.

आता कॉन्ट्रॅक्टरचा बिलिंग इंजिनिअर काय करतो? दार दोन्ही बाजूंनी वजा करतो आणि कडा मोजतच नाही. एक मीटर बाय २.१ मीटरचं दार धरा. मानकाप्रमाणे वजावट २.१ चौरस मीटर, त्याच्या शीटमध्ये ४.२. एका दारामागे २.१ चौरस मीटर गेलं. सात मजले, मजल्यावर चार फ्लॅट, फ्लॅटमध्ये अशी सहा दारं धरली तर १६८ दारं. साडेतीनशेहून जास्त चौरस मीटर, म्हणजे जवळपास ३,८०० चौरस फूट. तीस रुपये दराने हे झाले एक लाख चौदा हजार. दर अठ्ठावीस असता आणि मोजणी मानकाप्रमाणे झाली असती, तरी कदाचित जास्त हातात पडले असते. बत्तीससाठी घासाघीस करणाऱ्याने हा गुणाकार एकदा स्वतः करून बघावा.

बरं, मानक आहे म्हणून ते आपोआप लागू होतं असंही नाही. दोघांनी जे ठरवलं ते आधी. काहीच ठरलं नसेल तर मानकाचा आधार घेऊन भांडता येतं, पण भांडावंच लागतं. म्हणून दर बोलताना त्याच दमात विचारायचं: 'मोजणी आयएस १२०० प्रमाणे ना?' समोरचा 'हो हो' म्हणेल. म्हणू दे. तो 'हो हो' कागदावर आणायचं काम संध्याकाळी करायचं.

दुसरी जागा जाडीची. आरसीसी आणि विटकाम एका रेषेत नसलं की १२-१५ मिलिमीटरचं प्लास्टर २५-३० वर जातं, दोन हात मारावे लागतात, सांध्यावर कोंबडी जाळी ठोकावी लागते. साइट इंजिनिअर म्हणतो, 'करून टाका, एक्स्ट्रामध्ये लावू.' तो खोटं बोलत नसतो. त्याला त्या दिवशी भिंत पूर्ण हवी असते, आणि तीन महिन्यांनी बिल जातं तेव्हा तो दुसऱ्या साइटवर असतो. तोवर भिंतीवर पुट्टी चढलेली असते. पुट्टीखाली किती जाडी होती हे कुणाला फोडून बघायचंय? झाकल्या जाणाऱ्या कामाचं मोजमाप झाकायच्या आधी. पट्टी लावून फोटो काढा, पण फोटोवर विसंबू नका. कुठल्या मजल्याची कुठली भिंत हे फोटोवरून सिद्ध करताना घाम फुटतो.

संध्याकाळचा मेसेज कसा असावा? धमकीचा नको, वकिली नको. मी असा टाकतो:

'साहेब नमस्कार. आज साइटवर बोलल्याप्रमाणे बी विंगचं आतलं प्लास्टर उद्यापासून सुरू करतो. दर ३० रुपये चौ. फूट, फक्त लेबर. मोजणी आयएस १२०० प्रमाणे. २० मिमीच्या वर जाडी आणि जाळीचं काम वेगळं. बिल दर पंधरा दिवसांनी. काही बदल असेल तर आज कळवा.'

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. उत्तरात नुसता अंगठा आला तरी चालेल. काहीच आलं नाही आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या माणसांना सिमेंट-वाळू मिळाली, तर तेही एक उत्तरच आहे. व्हॉइस नोट पाठवू नका, टाइप करा. 'बोलायला बरं पडतं' म्हणणारे नंतर चाळीस व्हॉइस नोटा ऐकत बसतात. आणि तो मोबाइल जपा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. फक्त स्क्रीनशॉटची प्रिंट नेऊन भागत नाही, आणि फोन विकून टाकला असेल तर काम आणखी अवघड.

तरीही माझ्या मते साइट इंजिनिअरची सही असलेली मेजरमेंट शीट दहा मेसेजच्या वर आहे. मजला पूर्ण झाला की त्याच आठवड्यात त्याच्यासोबत टेप धरा, डुप्लिकेट वहीत लिहा, त्याची सही-तारीख घ्या, कार्बन प्रत तुमच्याकडे. 'बिलाच्या वेळी सगळं एकदम मोजू' याला कधीही हो म्हणू नका. सही द्यायला तो टाळतोय, हाच पहिला इशारा.

जुने मुकादम सांगतील, 'आमच्या काळात सगळं शब्दावर चालायचं, कागद मागितला तर माणूस दुखावतो.' मान ठेवून ऐका आणि सोडून द्या. त्यांचेही पैसे बुडालेत, फक्त ते तुम्हाला सांगत नाहीत. गवंडीकाम, माणसं सांभाळणं, माल वाचवणं त्यांच्याकडून शिका. हिशोब एखाद्या कडक बिलिंगवाल्याकडून शिका, तोही शक्यतो समोरच्या पक्षाचा.

एक शॉर्टकट तर अजिबात नको: मित्राच्या फर्मवर बिल काढणं. तुमचं नाव कुठेच राहत नाही. स्वतःच्या पॅनवर बिल काढलं की कॉन्ट्रॅक्टर टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच आगाऊ आयकर, कापतो. व्यक्तीला १ टक्का, आणि एक बिल तीस हजारांवर किंवा वर्षाची बेरीज लाखावर गेली की कापावाच लागतो. तो आयकर पोर्टलवर तुमच्या टीडीएसच्या उताऱ्यात दिसतो. म्हणजे ज्याने 'हा कोण, मी ओळखत नाही' म्हणायचं, त्यानेच सरकारदरबारी तुम्हाला कामाचे पैसे दिल्याची नोंद करून ठेवलेली असते. दर तिमाहीला उघडून बघा.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, फुकट होते. काम घ्यायच्या आधी करून ठेवा. एमएसएमईडी कायदा, २००६ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी मुदत ठरली असेल तरी ४५ दिवसांच्या आत आणि ठरलीच नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्यागणिक चक्रवाढ व्याज. ऐकायला गोड आहे, पण वर्क्स कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे माल आणि मजुरी एकत्र घेतलेलं काम, या कायद्यात बसतो का यावर उच्च न्यायालयांचे निकाल एका सुरात नाहीत. माल-मजुरी दोन्ही तुमची असेल तर फॅसिलिटेशन काउन्सिलकडे, म्हणजे याच कायद्याखाली थकलेल्या पैशांचे वाद ऐकणाऱ्या समितीकडे, अर्ज टाकण्याआधी वकिलाला हे नेमकं विचारा. फक्त मजुरीचं बिल असेल तर तुमची बाजू मांडायला थोडी जागा जास्त आहे.

थकलेल्या पैशाची मुदत विसरू नका. कामाच्या पैशाचा दावा साधारणपणे काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो. 'पुढच्या महिन्यात नक्की' ऐकत ती मुदत सरते. उपाय सोपा आहे: दरवर्षी मार्चअखेरीस खातेउतारा पाठवून बाकी मान्य असल्याची सही-शिक्का मागा. मुदत संपायच्या आत सहीनिशी लेखी कबुली मिळाली की त्या तारखेपासून तीन वर्षं नव्याने मोजतात. ऑफिसातला अकाउंटंट हे सहज करून देतो, कारण ऑडिटरला त्यालाही ते दाखवायचं असतं. साहेबाकडे जाऊ नका, अकाउंटंटकडे जा.

माणसं कधी हलवायची? माझा नियम असा की दुसरं बिल चढवेपर्यंत पहिल्याचे पैसे आले नाहीत तर निम्मी माणसं दुसरीकडे न्यायची, आणि तसं मेसेज टाकून. रागाने रातोरात साइट सोडली की कॉन्ट्रॅक्टर दुसऱ्याकडून काम करून घेतो आणि त्याचा डेबिट तुमच्या नावावर टाकतो. निघण्याआधी अर्धवट कामाची एकत्र मोजणी मागा. आला नाही तर कळवून, दोन साक्षीदार घेऊन स्वतः मोजा आणि ती शीट स्पीड पोस्टाने पाठवा.

शेवटी तडजोड होतेच, बहुतेक वेळा. तिथे एक व्हाउचर पुढे येतं, 'फुल अँड फायनल, यापुढे काही देणं नाही' असं छापलेलं, आणि त्यावर सही केल्याशिवाय चेक मिळत नाही. आकडा पटत असेल तर खुशाल करा. कोर्टात घालवलेल्या वर्षांपेक्षा दहा-पंधरा टक्के सोडणं कित्येकदा परवडतं. पटत नसेल तर सहीवर 'हरकत राखून' लिहा, रक्कम आणि तारीख टाका, आणि व्हाउचरचा फोटो तिथेच काढा. चेक बाउन्स झाला तर बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे, नोटीस मिळाल्यावर त्याला पंधरा दिवस, आणि ते उलटल्यावर एका महिन्यात तक्रार. या मुदती चेक हातात पडल्या दिवशीच वहीत लिहून ठेवा.