बॅटरी उतरली, डिकी अडकली: या चुका टाळा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणीला माहेरी आणलं होतं. गाडी अमळनेरजवळच्या आमच्या गावी, खळ्यातल्या निंबाखाली तीन दिवस उभी. चौथ्या दिवशी सकाळी निघायचं म्हणून आंब्याच्या दोन पेट्या नि बहिणीची बॅग भरायला डिकी वर ओढली, तर बटण न दाबताच ती वर आली. शंका यायला हवी होती, पण ऊन चढायच्या आत निघायची घाई. सामान भरलं, भाच्याने हौसेने दाणकन डिकी आपटली, आणि मी रिमोट दाबला. काही नाही. ना टिक, ना दिवा.

तीन दिवस डिकी अर्धवट लागलेली होती आणि आतला बारका दिवा चालू राहिला होता. हिशोब सोपा आहे. 5 वॅटचा दिवा 12 व्होल्टवर साधारण 0.4 अँपिअर ओढतो. 72 तासांत झाले 29 अँपिअर-अवर. छोट्या गाडीची बॅटरी मुळात 35 ची. त्यात आमची चार वर्षांची, आणि चारही वर्षं खान्देशातल्या उन्हाळ्यात तापलेली. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या वर जातो तेव्हा बॉनेटखाली काय होत असेल बघा. बॅटरी नेमकी थंडीत दगा देते असं लोक म्हणतात, पण तिचं आयुष्य खाते ती उष्णता.

पुढचा अर्धा तास आम्ही चारजण गाडीच्या मागे उभे राहून एकेक चूक करत होतो. त्यातल्या बहुतेक तुम्हीही कराल.

रिमोटचा सेल बदलणं

पहिली धाव किराणा दुकानाकडे, नाण्याएवढ्या सेलसाठी. तो सेल 3 व्होल्टचा, फक्त रिमोटपुरता. त्याने गाडीला सिग्नल जातो. डिकीचं कुलूप ओढणारी बारकी मोटर चालते ती गाडीच्या बॅटरीवर. ओळखायचं कसं? दार चावीने उघडा. आतला दिवा लागला, हॉर्न वाजला, तर बॅटरी ठीक आहे, सेल संपलाय. काहीच नाही, तर सेल बदलून उपयोग नाही.

तिसरा प्रकारही असतो: दिवे, हॉर्न, स्टार्टर सगळं ठणठणीत आणि फक्त डिकी उघडत नाही. तेव्हा बॅटरीला दोष देऊ नका. फ्यूज बघा, डिकीचं बटण बघा, आणि डिकीच्या बिजागरीजवळची रबरी नळी बघा. उघडझाप होऊन तिच्यातली वायर तुटते, हे गॅरेजवाल्यांना नेहमीचं आहे.

टॉमी घालून उचकटणं

कुणीतरी टॉमी, म्हणजे लोखंडी दांडी, आणतोच. पत्रा वाकतो, रंग उडतो, रबर फाटतं, आणि कुलूप जागचं हलत नाही. ते उचकटलं जाऊ नये म्हणूनच तसं बनवलेलं असतं. मागची काच फोडायचा विचार तर नकोच. अपवाद एकच: आत लहान मूल किंवा जनावर अडकलं असेल तर पाहिजे ते फोडा आणि 112 लावा. उन्हात उभ्या गाडीत मिनिटं मोजायची नसतात.

चावी असून चावी नाही समजणं

बटण दाबून चालू होणाऱ्या गाडीच्या रिमोटमध्येही लोखंडी चावी लपलेली असते. कडेची बारकी खिटी सरकवली की पातं बाहेर येतं. चावीचं भोक बहुधा ड्रायव्हरच्या दारावर, काही गाड्यांत हँडलच्या टोकावरच्या झाकणाखाली. मात्र बॅटरी उतरली की सेंट्रल लॉक मेलेलं असतं, चावीने उघडेल ते तेवढंच दार. बाकीची आतून उघडायची. हे भोक वर्षानुवर्षं न वापरल्याने आपल्याकडच्या धुळीने जाम होतं. तेव्हा जोर लावून पातं मोडू नका. थोडा गंज काढायचा स्प्रे मारा आणि हळू फिरवा.

जुन्या गाड्यांत सीटशेजारी डिकीचा खटका असतो, तो तारेवर चालतो. त्याला विजेशी देणंघेणं नाही. आधी तो आहे का ते बघा.

आतून जायचा रस्ता न शोधणं

हॅचबॅक नि एसयूव्हीत मागच्या सीटची पाठ पुढे पाडता येते. डिकीच्या दाराला आतून जो प्लास्टिकचा पत्रा असतो, त्यात कुलुपासमोर बऱ्याच गाड्यांना एक बारकं झाकण असतं. ते काढून चपट्या पेचकसाने आतली पट्टी सरकवली की कुलूप सुटतं. पट्टी कोणत्या बाजूला सरकवायची ते गाडीच्या पुस्तकात असतं. सेडानवाल्यांनी जास्त आशा ठेवू नये. कित्येकांत मागची पाठ पक्की बसवलेली, आणि जिथे ती पडते तिथे कधीकधी ती सोडायचा खटका डिकीतच. डिझाइन करणाऱ्याला आखाजीला बोलवायला हवं.

आमच्या भाच्याला आत पाठवलं, पण पेट्या आडव्या.

मागेच अडकून पडणं

तेवढ्यात आबा ट्रॅक्टर घेऊन आले. बघितलं आणि म्हणाले, "मागे काय करी राहिना भो, पुढे ये ना!"

खरं होतं. कुलूप मागे असलं तरी त्याचा जीव पुढे, बॉनेटखाली. बॉनेटचा खटका डॅशबोर्डखाली असतो आणि तारेवर चालतो, त्यामुळे बॅटरी मेलेली असतानाही ते उघडतं. उघडल्यावर आधी टर्मिनल हाताने हलवून बघा. पांढरी-हिरवी भुरी धरून क्लिप ढिली झाली असेल तर 10 चा पान्हा पुरतो, बॅटरी मेलेली नसतेच. काही महागड्या गाड्यांत बॅटरीच डिकीत असते. घाबरू नका, त्यांना बॉनेटखाली लाल झाकणाचं टोक दिलेलं असतं, वीज तिथून द्यायची.

आता ट्रॅक्टरच्या बॅटरीतून जम्पर केबलने गाडीला वीज द्यायची. ट्रॅक्टर बहुधा 12 व्होल्टचा असतो, तरी बॅटरीवर वाचून खात्री करा. दोन्ही इंजिनं बंद. लाल क्लिप आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. मग काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि काळीचं शेवटचं टोक आपल्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेटू शकतो. बिडी आधी विझवा. काढताना उलट क्रम.

डिकीच उघडायची असेल तर गाडी सुरू व्हायची वाटही बघावी लागत नाही. वीज पोचली की पाच मिनिटं थांबा, बटण दाबा, खट् आवाज येतो. फक्त रिमोट हातात ठेवा. दार चावीने उघडलेलं असल्याने वीज येताच अलार्म कोकलायला लागतो. आमच्या अलार्मने निंबावरचे सगळे कावळे उठवले. अनलॉक दाबलं की गप्प होतो. रिमोट डिकीत टाकू नका, काही गाड्या अर्ध्या मिनिटात आपोआप पुन्हा लॉक होतात.

ट्रकवाल्याला हात करणं

हायवेवर हा मोह होतोच. मोठे ट्रक आणि बस बहुधा 24 व्होल्टवर चालतात. तेवढा दाब गाडीला दिला की कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीतला संगणक, जळू शकतं, आणि त्याच्या खर्चात चार बॅटऱ्या आल्या असत्या. प्लस-मायनस उलटं झालं तरी तीच गत. राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर 1033 लावा. विहिरीच्या मोटरीची केबल तोडून जोडणारेही पाहिलेत. उतरलेली बॅटरी एकदम इतका करंट ओढते की ती वायर हातात वितळते.

उघडली म्हणून लगेच बंद करणं

गाडी सुरू होऊन चांगली चालत नाही तोवर डिकी लावू नका. बंद व्हायला वीज लागत नाही, उघडायला लागते. आणि बॅटरी बदलायला तारा काढल्या असतील तेव्हा तर अजिबातच नको.

आबांची केबल ट्रॉलीच्या पेटीत होती म्हणून आम्ही सुटलो. आमचीही केबल होती, चांगली जाड, नवीकोरी. आता ती ड्रायव्हरच्या सीटखाली असते. त्या दिवशी आंब्याच्या पेट्यांखाली होती.