ऐरोलीत बसून बॅरन बेटावर पाळत

भारतातला एकमेव जागता ज्वालामुखी अंदमानात आहे, पोर्ट ब्लेअरपासून साधारण १४० किलोमीटरवरच्या निर्मनुष्य बॅरन बेटावर. दीडशेच्या आसपास वर्षं गप्प राहिला, १९९१ मध्ये उसळला, तेव्हापासून अधूनमधून धुमसतोय. माझी सगळी नोकरी ठाणे-बेलापूर रोडवरच्या प्लांटच्या कंट्रोल रूममध्ये गेली. एका रीडिंगवर कधी बोंब मारायची नाही, हे तिथे अंगात मुरलं. ज्वालामुखीलाही तोच नियम लावतो.

आधी नासाचं फर्म्स उघडा, म्हणजे उपग्रहांना दिसलेल्या तापलेल्या जागा लाल ठिपक्यांनी दाखवणारा वेबवरचा नकाशा, फुकट आहे. १२.२८ उत्तर, ९३.८६ पूर्व इथे जा आणि व्हीआयआयआरएस हा उपग्रहावरचा सेन्सर निवडा. त्याच्या चित्राचा एक चौकोन (पिक्सेल) ३७५ मीटरचा आणि बेट जेमतेम तीन किलोमीटर रुंद, म्हणजे आडवे आठेक चौकोन. लाल ठिपका पडला म्हणून तेवढी सगळी जमीन पेटलेली नसते. आतलं छोटंसं तापलेलं तोंडही पुरतं. दिवसा उन्हाची चमक फसवू शकते, म्हणून मी रात्रीच्या ठिपक्यावर जास्त भरवसा ठेवतो. हात बसेपर्यंत मुंबई हायकडे बघा. तेलविहिरींवर जळणारा वायूही असाच ठिपका होऊन दिसतो, आणि ज्वालामुखी तर तिथे नाही!

तारखेकडे नीट लक्ष द्या. वेळ यूटीसीत येते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत. १४ तारखेचे १९:२० म्हणजे आपल्याकडे १५ तारीख उजाडून रात्रीचे १२:५०. वहीत दोन्ही वेळा लिहा, नाहीतर एकाच रात्रीच्या दोन घटना होतात.

ठिपका मिळाला की कोपर्निकस ब्राउझर या युरोपच्या वेबसाइटवर सेंटिनेल-२ उपग्रहांची त्या आठवड्यातली चित्रं काढा. साध्या रंगात धूर तेवढा दिसेल. डोळ्याला न दिसणाऱ्या शॉर्टवेव्ह इन्फ्रारेडचे १२ आणि ११, जोडीला ८ए, असे बँड (प्रकाशाचे पट्टे) लावा. तापलेलं विवर केशरी-पिवळं झगझगतं, थंड लाव्हा काळपट राहतो. दोन्हीकडे दिसलं तरच मी वहीत 'चालू' लिहितो.

पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे नुसते ढग. अशा वेळी 'शांत' लिहू नका, 'ढग' लिहा. दिसलं नाही आणि घडलं नाही यांची गल्लत झाली की वही रद्दीत.

राखेची शंका आली तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विनच्या ज्वालामुखी-राख सल्ला केंद्राचं पत्रक बघा, बॅरन त्यांच्या हद्दीत येतं. पत्रक वैमानिकांसाठी असतं, म्हणून उंची शेकडा फुटांत: एफएल (फ्लाइट लेव्हल) १०० म्हणजे साधारण १०,००० फूट.