जुन्या फियाटला नायलॉन घालायचे की रेडियल?

गाडी कुठं फिरणार ते आधी सांगा, टायरचं नंतर बघू. सोलापुरात होटगी रस्त्यावरच्या आमच्या टायरच्या दुकानात जुनी फियाट किंवा अँबेसिडर घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच विचारतो. कुणाची गाडी लग्नसराईत नवरदेवाला घेऊन बँडच्या मागं पहिल्या गिअरमध्ये सरकते, कुणाची सहकुटुंब तुळजापूरला जाते. दोघांनाही एकच टायर सुचवणारा दुकानदार एक तर घाईत असतो, नाही तर त्याला पडून राहिलेला माल खपवायचा असतो.

जुन्या गाडीला जुन्या धाटणीचा नायलॉन टायर घालायचा की आजचा रेडियल, हा वाद अमेरिकेतल्या मसल कारवाल्यांतही, म्हणजे दणकट इंजिनाच्या जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांतही, चालतो. १९६४ च्या पाँटियाक जीटीओला लाल पट्टीचे टायर मिळायचे, पुढं ठळक पांढऱ्या अक्षरांचे गुडइयर पॉलीग्लास आले. त्या हौशी लोकांसाठी तसेच टायर आजही नव्यानं बनतात. बाहेरून जुने आणि आतून रेडियल, असेही मिळतात. आपल्या फियाटच्या नशिबात एवढी चैन नाही. ५.२०-१४ चा, म्हणजे ५.२० इंच रुंद आणि १४ इंची चाकाचा, नायलॉन हाती लागला तर ठीक, नाही तर आजच्या गाडीचा रेडियल बसवायचा.

नायलॉनमध्ये दोऱ्यांचे थर तिरके, एकावर एक उलट दिशेनं टाकलेले असतात. चाक फिरताना ते थर एकमेकांवर घासतात आणि टायर आतून तापतो. रेडियलचे दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि नक्षीखाली पोलादी पट्टा असतो. त्यामुळं बाजू लवचिक राहते आणि रस्त्यावर टेकलेला भाग फारसा वळवळत नाही. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, डांबराचं तापमान त्याहून कितीतरी जास्त. अशा दुपारी चार माणसं आणि डिकीत सामान घेऊन हैदराबाद रस्त्याला ऐंशीनं जायचं असेल, तर मी नायलॉन देत नाही. गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल.

नायलॉनची आणखी एक खोड आहे. गाडी रात्रभर एका जागी उभी राहिली की टायरचा खालचा भाग चपटा बसतो. सकाळी निघाल्यावर स्टिअरिंग थडथडतं, लोक बॅलन्सिंगला येतात. दोन-तीन किलोमीटर चालवून टायर गरम झाला की थडथड आपोआप जाते. जात नसेल तरच पैसे खर्च करा.

मग नायलॉन कुणी घालावा? ज्याची गाडी प्रदर्शनाला आणि वरातीला जाते, त्यानं खुशाल घालावा. त्या बारीक, उंच टायरावर फियाट जशी उभी राहते ना, तशी रुंद टायरावर नाही राहत. उभ्या गाडीचं स्टिअरिंगही हलकं फिरतं. रुंद टायर आणि चकचकीत अलॉय घातलेली फियाट मला तरी बघवत नाही.

नायलॉन घ्या की रेडियल, आधी त्याचं वय बघा. 'नवा कोरा आहे, स्टिकर पण निघालेला नाही' असं सांगून वीस वर्षं माळ्यावर पडलेला टायर गळ्यात मारणारे आहेत. टायर उभा करा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि बाजूवर 'डॉट' (DOT) या अक्षरांपासून पुढं बोट फिरवत जा. शेवटी चार आकडे सापडतील. ३५२३ म्हणजे २०२३ सालचा पस्तिसावा आठवडा. एका बाजूला आकडे नसतील तर टायर उलटवून दुसरी बाजू बघा. तीनच आकडे असतील तर माल २००० सालाच्या आधीचा आहे, भाव विचारूच नका. नक्षीच्या खाचेत अंगठा दाबून रबर फाकवा. तळाशी केसासारख्या चिरा दिसल्या, तर नक्षी कितीही खोल असो, तो टायर फक्त उभ्या गाडीच्या कामाचा.

आता माप. रेडियलवर १६५/८० आर १४ लिहिलेलं असतं. १६५ मिलिमीटर रुंदी आणि तिच्या ८० टक्के उंची, म्हणजे १३२. खाली-वर मिळून २६४, त्यात डिस्कचे, म्हणजे टायर बसतो त्या लोखंडी चाकाचे, चौदा इंच म्हणजे ३५६ मिळवा, व्यास ६२० मिलिमीटर. हे माप डिझायरला येतं, म्हणून कुठंही मिळतं. १५५/८० मिळाला तर त्याचा व्यास ६०४ भरतो आणि दिसतोही जुन्या टायरच्या जवळचा, म्हणून माझी पहिली पसंती त्याला. घेण्याआधी जुन्या टायरला शिंप्याची टेप गुंडाळून घेर मोजा. १५५ चा घेर साधारण १९० सेंटिमीटर, १६५ चा १९५. बसवल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडं पूर्ण वळवून टायर कुठं घासत नाही ना, ते खाली वाकून बघा.

जुन्या डिस्कवर ट्यूबलेस म्हणून मिरवायला जाऊ नका. त्या डिस्कच्या कडेला टायर धरून ठेवणारा उंचवटा नसतो. आत ट्यूब घाला, तीही रेडियलसाठीची. टायरच्या आतले कागदी स्टिकर खरवडून काढा, नाही तर ते ट्यूब घासून भोक पाडतात. डिस्कचा गंज तारेच्या ब्रशनं काढा, शंखजिऱ्याची पावडर मारा, मग ट्यूब बसवा. दुकानातलं पोरगं ही पायरी टाळायला बघतं, तेव्हा शेजारी उभे राहा.

पांढऱ्या पट्टीची हौस असेल तर वरातीपुरत्या रबरी रिंगा लावा आणि काढून ठेवा. रेडियलची बाजू सतत दबत-फुगत असते. रिंगेखाली शिरलेली धूळ टायरला पॉलिश पेपरसारखी खाते.

एका एक्सलवर एक नायलॉन, एक रेडियल असला प्रकार करू नका. चारही बदला, पाचवी स्टेपनीसुद्धा. पैशाअभावी दोनच रेडियल घेतले तर ते मागं टाका. पुढं टाकले तर पुढची पकड वाढते, मागची तशीच राहते आणि ओल्या वळणावर गाडीची शेपूट बाहेर जाते. बदलल्यावर अलाइनमेंट करून घ्या. रेडियलला टो-इन, म्हणजे चाकांची तोंडं किंचित आत वळवणं, सहसा कमी लागतं, हे मशीनवाल्याला आधीच सांगा. पन्नासेक किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा आवळा आणि टायर थंड असताना हवा बघा.

उतरवलेले नायलॉन भंगारात देऊ नका. प्रदर्शनाला गाडी न्यायची वेळ आली की डिस्कसकट बदलता येतात. आडवे रचून कापड झाका आणि वेल्डिंग किंवा चालू मोटारीपासून लांब ठेवा, तिथल्या हवेनं रबर लवकर तडकतं.