फॉर्मॅटर बदलण्याआधी फरक मोजा

फॉर्मॅटरची (कोडची मांडणी आपोआप एकसारखी करणाऱ्या साधनाची) नवी आवृत्ती थेट मुख्य शाखेवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक कोडवर, चालवू नका. मी आधी जुन्याच आवृत्तीने सगळा कोड फॉर्मॅट करून वेगळ्या शाखेत (कोडच्या स्वतंत्र प्रतीत) कमिट करतो, म्हणजे नोंदवून ठेवतो. नाहीतर आधीच विस्कटलेल्या फाइलींचं खापर नव्या आवृत्तीवर फुटतं. मग सेटिंग तीच ठेवून नवी आवृत्ती चालवायची आणि गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या डिफ (फरक दाखवणाऱ्या) आज्ञेला शॉर्टस्टॅट पर्याय द्यायचा: किती फाइली, किती ओळी, लगेच कळतं.

पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. 2023 मध्ये प्रिटियर या फॉर्मॅटरच्या 3.0 आवृत्तीने शेवटच्या स्वल्पविरामाचं डीफॉल्ट बदललं; अनेक ओळींत मोडलेल्या फंक्शन-आर्ग्युमेंटनंतरही तो येऊ लागला. डिफमध्ये ओळी ढीगभर, कारण एकच! म्हणून बदलांची कारणांनुसार वर्गवारी करा आणि प्रत्येक प्रकारातले थोडे स्वतः वाचा. लांबलचक अटी आणि एकात एक अडकलेले फंक्शन-कॉल आधी बघा. वाचायला त्रास तिथेच होतो.

फॉर्मॅटर पुन्हा चालवा. दुसऱ्यांदा एक जरी ओळ हलली, तर आवृत्ती स्वीकारू नका. टेस्ट चालवायच्याच.

सहकाऱ्यांच्या चालू शाखा यात मर्ज करून (मिसळून) किती कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकाच जागी परस्परविरोधी बदल, येतात तेही मोजा. माझ्या मते निर्णय याच आकड्यावर घ्यावा. फॉर्मॅटिंगचा कमिट मात्र स्वतंत्र ठेवा, म्हणजे गिट 2.23 पासून तो ब्लेममधून (कुठली ओळ कोणी शेवटची बदलली हे दाखवणाऱ्या आज्ञेतून) वगळता येतो.