ऑपरेशनआधीचा ‘फिटनेस’: हृदयाच्या धोक्याची तयारी कशी करावी

नागपुरात धंतोली किंवा रामदासपेठेतील एखाद्या दवाखान्यात गुडघ्याच्या, पित्ताशयाच्या वा हर्नियाच्या शस्त्रक्रियेची तारीख मिळाली की लगेच ‘फिटनेस आणा’ असे सांगितले जाते. ईसीजी काढायचा, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करायचा आणि फिजिशियनची सही घ्यायची, एवढाच त्याचा अर्थ बहुतेक घरांत लावला जातो. त्या सहीआधी होणारी विचारपूस मात्र अधिक मोलाची असते, आणि तिची उत्तरे बव्हंशी रुग्णाजवळ व घरच्यांजवळच असतात.

शस्त्रक्रिया हृदयाची नसली तरी रक्तस्राव, वेदना, रक्तदाबातील चढउतार आणि रक्त गोठण्याची वाढलेली प्रवृत्ती यांचा भार हृदयावर पडतोच. म्हणून शस्त्रक्रिया किती मोठी आहे, हे आधी विचारावे. मोतीबिंदूसाठी हृदयाच्या तपासण्यांची सहसा गरज नसते. पोट, छाती किंवा मोठी रक्तवाहिनी उघडायची असेल तर धोका बराच वाढतो. डॉक्टर वापरतात तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला निर्देशांक सहाच गोष्टी मोजतो: अशी मोठी शस्त्रक्रिया, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, हृदय कमकुवत होऊन पूर्वी कधी अंगात पाणी साचलेले असणे, पक्षाघात, इन्सुलिनवर असलेला मधुमेह आणि २ मिलिग्रॅमच्या वर गेलेले क्रिएटिनीन (मूत्रपिंडाचे काम सांगणारी रक्तचाचणी). यांपैकी काय लागू आहे, ते घरूनच लिहून न्यावे.

त्यानंतरचा प्रश्न जिन्याचा. न थांबता दोन जिने चढता येत असतील तर हृदयाची क्षमता साधारणपणे पुरेशी मानली जाते. परंतु गुडघा बदलायला आलेली व्यक्ती दोन वर्षांत जिनाच चढलेली नसते, त्यामुळे ‘दम लागत नाही’ या तिच्या उत्तराला फारसा अर्थ उरत नाही. आपण गुडघ्यामुळे थांबतो की दमामुळे, हे नेमके सांगावे. सांगता येत नसेल तर तसेही सांगावे, म्हणजे पुढील तपासणी लागेल का ते डॉक्टरांना ठरवता येईल. ‘एकदा अँजिओग्राफी करूनच टाका’ असा आग्रह नातेवाईक धरतात, तो मात्र मला पटत नाही. रक्तवाहिन्यांच्या मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी केवळ खबरदारी म्हणून बायपास वा अँजिओप्लास्टी केल्याने स्थिर आजार असलेले रुग्ण अधिक जगले नाहीत, असे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले.

औषधांच्या नावांची यादी करण्यापेक्षा औषधांची पिशवीच सोबत न्यावी. स्टेंट घातलेला असल्यास त्याची तारीख अत्यंत महत्त्वाची आहे: टाळता येण्याजोगी शस्त्रक्रिया शक्यतो सहा महिने, आणि हृदयविकाराच्या झटक्यानंतर स्टेंट बसवला असल्यास वर्षभर पुढे ढकलली जाते. रक्त पातळ करणारी गोळी शेजाऱ्याच्या सल्ल्याने बंद करू नये. क्लोपिडोग्रेल सहसा पाच दिवस आधी थांबवतात, पण तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन यांनी मिळून घ्यायचा असतो. मेटोप्रोलोलसारखी बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारी) गोळी आधीपासून चालू असेल तर ती सुरू ठेवली जाते. मात्र शस्त्रक्रियेच्या दिवशीच ती नव्याने सुरू केल्याने हृदयविकाराचे झटके कमी झाले, तरी पक्षाघात आणि मृत्यू वाढले, हे २००८ च्या मोठ्या चाचणीने दाखवले. मधुमेहासाठीच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या सहसा तीन दिवस आधी बंद कराव्या लागतात, आणि अनेकांना आपल्या पिशवीत त्या आहेत हे ठाऊकच नसते.

खर्ऱ्याविषयी, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाविषयी, सांगायला लाजू नये. तंबाखूने नाडी व रक्तदाब वाढतो, आणि वर्षानुवर्षे खर्रा खाल्लेल्यांचे तोंड पुरेसे उघडत नाही, त्यामुळे भूलतज्ज्ञाला श्वासनलिकेत नळी घालणे कठीण जाते. तोंडात स्वतःची किती बोटे उभी मावतात, ते आधीच पाहून सांगावे. विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण लक्षणीय आहे. घरात कोणाला असेल तर रुग्णाचीही तपासणी करून घ्यावी, कारण या आजारात पाणी, ऊब आणि प्राणवायू यांची कमतरता महागात पडते.

पाण्याची कमतरता नागपुरात मे महिन्यात कोणालाही भोवू शकते. गडचिरोली वा गोंदियाहून रात्रीच्या प्रवासाने आलेला वृद्ध रुग्ण मध्यरात्रीपासून थेंबही न घेता दुपारपर्यंत ताटकळला, तर त्याचा रक्तदाब भूल देताच कोसळू शकतो. साधे पाणी बहुतेकांना दोन तास आधीपर्यंत चालते. आपल्याला चालेल का, हे भूलतज्ज्ञाला आदल्या दिवशीच विचारावे. मांडीचे हाड खुब्याजवळ मोडले असेल तर मात्र तपासण्यांच्या मागे दिवस घालवू नयेत, कारण तेथे उशीर हाच मोठा धोका असतो.

शस्त्रक्रिया पार पडली की घरचे निर्धास्त होतात, परंतु हृदयाला होणारी इजा बहुधा पहिल्या तीन दिवसांत होते आणि वेदनाशामकांच्या अमलाखाली छातीत दुखल्याचे अनेकदा कळतही नाही. पूर्वीचा हृदयविकार किंवा पासष्टीच्या पुढचे वय असेल आणि शस्त्रक्रिया मोठी असेल, तर हृदयाची इजा दाखवणारी ट्रोपोनिन ही रक्तचाचणी करणार का, असे विचारावे. अकारण घाम, धाप, मळमळ, गोंधळलेले बोलणे किंवा वाढलेली नाडी दिसल्यास राउंडची वाट न पाहता सिस्टरला तत्काळ सांगावे. सुट्टी होताना, थांबवलेली प्रत्येक गोळी कोणत्या तारखेपासून पुन्हा सुरू करायची, ते डिस्चार्ज कार्डावर लिहून घेतल्याशिवाय वॉर्ड सोडू नये.