क्रिता आपल्या हाताला बसवताना या चुका टाळा

क्रिता हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर इन्स्टॉल केलं की पहिली हौस असते एखाद्या नावाजलेल्या चित्रकाराच्या सेटिंग्ज व्हिडिओ बघून जशाच्या तशा उतरवून घेण्याची. तिथेच पहिली चूक होते. त्याचा पेन टॅबलेट ताटाएवढा, तुमचा पोस्टकार्डाएवढा. तो रेघ खांद्यातून ओढतो, तुम्ही मनगटातून. आठवडाभर मूळ मांडणीतच चित्रं काढा. शेजारी कागद ठेवा, हात जिथे अडेल ते टिपा आणि बदल तेवढेच करा.

सगळ्यात मोठा घोळ पेनाच्या दाबाचा. रेघ एकदम जाड येते किंवा हलकी रेघ उमटतच नाही, आणि आपण ब्रश बदलत बसतो. दाबाचा वक्र, म्हणजे किती दाबाला रेघ किती भरावी हे ठरवणारी आलेखाची रेषा, तीन ठिकाणी असू शकतो: टॅबलेटच्या ड्रायव्हरमध्ये (टॅबलेट संगणकाला जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये), क्रिताच्या टॅबलेट सेटिंग्जमध्ये आणि त्या त्या ब्रशच्या आत. तिन्हीकडे थोडं थोडं फिरवलं की एकाचा परिणाम दुसऱ्यावर चढतो आणि दोष कुठला ते कळेनासं होतं. ड्रायव्हरमधला वक्र सरळ करून टाका. सगळेच ब्रश जड वाटत असतील तर क्रितामधला वक्र मध्यावर वर उचला, म्हणजे कमी दाबातही रेघ भरेल. एकच ब्रश त्रास देत असेल तर त्या ब्रशपुरतंच बघा. आणि हे सगळं अर्धा तास चित्र काढून झाल्यावर करा. गार हाताचा दाब वेगळा असतो, हे मी फार उशिरा शिकले.

विंडोजवर दाब अजिबातच लागत नसेल तर वक्राला हात लावू नका. टॅबलेट सेटिंग्जमध्ये विनटॅब आणि विंडोज इंक हे पेनाचा दाब वाचायचे दोन मार्ग असतात, त्यांतला सध्या निवडलेला नसेल तो निवडा आणि क्रिता बंद करून पुन्हा उघडा. दाब लागतोय का ते तपासायचा टेस्टरही तिथेच आहे.

कॅनव्हास सरकवणं, फिरवणं, झूम करणं यांची बटणं लोक कीबोर्ड शॉर्टकट्सच्या यादीत शोधत राहतात. ती ‘कॅनव्हास इनपुट सेटिंग्ज’मध्ये असतात. डावखुऱ्या मंडळींनी तर इथे वेळ द्यायलाच हवा, कारण खोडरबराचा ‘ई’ कीबोर्डच्या डाव्या बाजूला आणि त्यांचा मोकळा हात उजवा. शॉर्टकट अचानक मुके झाले तर कीबोर्ड मराठीवर राहिलाय का, तेही बघा.

ब्रशचे गठ्ठे उतरवून ठेवण्यात अर्थ नाही. स्वतःचा एक टॅग, म्हणजे ब्रशच्या गटाला दिलेलं नाव, करा, त्यात रोजचे आठ-दहा ब्रश घाला आणि उजव्या क्लिकने उघडणाऱ्या गोल पॅलेटला तोच टॅग लावा. नजर चित्रावरून हटत नाही, हे सुख मोठं आहे.

बॅकअपची चूक मी स्वतः केली आहे. दिवाळी अंकाची चित्रं हातात असताना लॅपटॉप बदलला, ब्रश वगैरे ठेवलेलं क्रिताचं रिसोर्स फोल्डर नीट कॉपी केलं. ब्रश आले, शॉर्टकट आले नाहीत. त्यांची ‘क्रिताशॉर्टकट्सआरसी’ आणि बाकी सेटिंग्जची ‘क्रिताआरसी’ या फायली वेगळ्या जागी असतात. विंडोजवर लोकल ॲपडेटा या फोल्डरमध्ये. त्याही पेनड्राइव्हवर घ्या. त्या हाताशी असल्या की मांडणी कितीही बिघडली तरी कंट्रोल, शिफ्ट आणि आल्ट दाबून क्रिता सुरू करता येतं. सेटिंग्ज मूळपदावर न्यायच्या का, असं ते आधी विचारतं.