मणिदांवर लिहायला बसताय? आधी माझे तीन फोल्डर बघा

यंदा डिझर्टेशनला (प्रबंधाला) के. जी. सुब्रमण्यन, म्हणजे आपले मणिदा, घेतलेत म्हणून दोघातिघांनी मेसेज केले, म्हणून एकदाच लिहून टाकतो. चित्रकार, बडोद्याला आणि शांतिनिकेतनला शिकवणारे मास्तर, एवढं तुम्हाला माहीत असणारच, त्यात वेळ घालवत नाही.

मी कुठे आपटलो ते सांगतो. पहिल्याच दिवशी लॅपटॉपवर तीन फोल्डर केले: चित्रकार, शिक्षक, चळवळ. एकेकाचं एकेक प्रकरण, झालं काम! चार महिने नुसतं कोंबत होतो. चळवळीच्या फोल्डरमध्ये १९४२, छोडो भारत, तुरुंग, एवढंच, जेमतेम दीड पान. शेवटी गाईडना म्हटलं, सर मटेरियलच नाहीये, हे प्रकरण काढून टाकू का? त्यांनी उलट विचारलं, मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात इकॉनॉमिक्स शिकणारा पोरगा शांतिनिकेतनला पोचलाच कसा?

आता हे मला माहीत होतं हो! तुरुंगात गेला म्हणून सरकारी कॉलेजांची दारं बंद झाली, म्हणून १९४४ ला शांतिनिकेतनचं कलाभवन, म्हणून नंदलाल बोस, बिनोदबिहारी, रामकिंकर हे गुरू. पण तुरुंग एका फोल्डरमध्ये, कलाभवन दुसऱ्यात, आणि मधला 'म्हणून' कुठेच नाही. तोच तर सगळा विषय होता.

मग एकेक कागद परत काढला. १९५९ ते ६१ ते मुंबईत हातमाग मंडळात होते, ते मी 'इतर'मध्ये टाकलेलं, लाज वाटते सांगायला. बडोद्याच्या कला विभागाच्या जत्रेसाठी, फाइन आर्ट्स फेअरसाठी, केलेली लाकडाची, चामड्याची, मण्यांची खेळणी मी 'किरकोळ' म्हणून सोडलेली. विणकर, खेळणी, वर्ग, भित्तिचित्र हे सगळं एकाच हातातून आलंय, आणि कारागीर खालचा, कलाकार वरचा ही उतरंडच त्यांना मान्य नव्हती. आणीबाणीवरचं त्यांचं चित्रपुस्तक तर पोरांच्या गोष्टीसारखं दिसतं, ते कुठल्या फोल्डरमध्ये टाकणार? मला तर मोर्च्यातला फोटो सापडेपर्यंत माणूस चळवळीतला वाटतच नव्हता.

कॅटलॉगमधले निबंध उचलून चिकटवू नका, परीक्षकांनी ते तुमच्या आधी वाचलेले असतात. पद्मविभूषण २०१२, एका ओळीत संपवा. आणि 'छान चाललंय' एवढंच म्हणणारा गाईड मिळाला असेल तर दुसरा शोधा, माझं स्पष्ट मत आहे, राग आला तर येऊ दे.

घाबरू मात्र नका. माझं सबमिशन लांबलं, घरी बोलणी खाल्ली, तरी झालंच की. दीड पानावर अडकलात म्हणजे विषय संपला असं नसतं, बहुतेक वेळा कागद चुकीच्या जागी पडलेला असतो. जमलं तर शांतिनिकेतनला जाऊन त्यांच्या भित्तिचित्रांची ती काळी-पांढरी इमारत डोळ्यांनी बघा, ऐंशी ओलांडल्यावर त्या भिंती त्यांनी परत रंगवल्या. फोटोत त्या नुसत्या नक्षीसारख्या दिसतात, समोर उभं राहिलं की मान वर करून करून दुखते.

२०१६ ला ते गेले, त्यामुळे आता भिस्त जुन्या विद्यार्थ्यांवर. तेही सत्तरी-पंच्याहत्तरीतले. एकच प्रसंग तिघं तीन तऱ्हांनी सांगतात, तिन्ही लिहून घ्या. सोबत एखाद्या चित्राची प्रिंट न्या, हातात दिली की आपसूक बोलायला लागतात. आणि दुपारी दोन ते चार फोन करू नका, झोपलेले असतात, मी दोनदा शिव्या खाल्ल्यात.